ज्ञानेश्वर कुठल्या खणात?

प्रश्न : ताई, मी काटोलची. बी.ए. पूर्ण मराठीतून केलं, आता नागपुरात बी.लिब.ला, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला आहे. सर इंग्रजीत सुरू करतात, मध्येच मराठीत येतात. बाजूला बसणारी छिंदवाड्याची मुलगी हिंदीत शंका विचारते. माझ्या वहीत तिन्ही भाषांची खिचडी झाली आहे. पेपर कुठल्या भाषेत लिहू? घरी आजोबा म्हणतात, ‘पुस्तकं झाडाले डिग्री कायले लागते?’
– एक विद्यार्थिनी

उत्तर : आजोबांना सांग, झाडायला नाहीच लागत. झाडलेलं पुस्तक मागणाऱ्याला सापडावं, त्यासाठी लागते.

पेपरचं आधी. माध्यमाचा नियम विभागात जाऊन स्वतः वाच, कँटीनमधल्या ऐकीव माहितीवर जाऊ नकोस. मराठीत लिहिणार असशील तर संज्ञा आहेत तशाच राहू दे. ‘ऑथॉरिटी फाइल’चं (नावांची ठरलेली रूपं नोंदवलेली यादी) ओढूनताणून मराठी केलंस तर परीक्षेच्या आदल्या रात्री तुझं तुलाच कळणार नाही.

आता खिचडी. मी नोकरीला लागले तेव्हा कॅटलॉग म्हणजे लाकडी खण, पाच बाय तीन इंचांची कार्डं आणि त्यांच्या भोकातून गेलेली सळई. ज्ञानेश्वरांवरचं एक इंग्रजी पुस्तक आलं. आपण बोलतो ‘द्न्य’, म्हणून मी रोमन स्पेलिंग ‘डी’पासून केलं आणि कार्ड ‘डी’च्या खणात लावलं. माझ्या आधीच्यांनी अशीच दोन पुस्तकं ‘जे’मध्ये लावली होती. एक हिंदीभाषक प्राध्यापक आले. ते ‘ग्य’ म्हणणारे, त्यांनी ‘जी’चा खण उपसला, ‘नहीं है’ म्हणाले आणि गेले. तिन्ही पुस्तकं माझ्या पाठीमागच्या कपाटात होती! संध्याकाळी आवरताना ती दिसली, तेव्हा कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचे पाच नियम तू आतापर्यंत पाठ केले असशील. ते 1931चे. त्यातला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा, मला त्या दिवशी कळला. दुसऱ्या दिवशी ‘पाहा’ची कार्डं, म्हणजे एका स्पेलिंगवरून दुसऱ्याकडे पाठवणारी, लिहायला बसले.

‘कोहा’ या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये खण नाहीत, पण घोळ तोच आहे. ही तिन्ही स्पेलिंगं एकाच माणसाची, हे सॉफ्टवेअरला आपणहून कळत नाही. ऑथॉरिटी रेकॉर्डमध्ये ठरलेलं नाव 100 क्रमांकाच्या रकान्यात आणि बाकीची 400च्या रकान्यात कुणीतरी भरावी लागतात. ते ‘कुणीतरी’ म्हणजे तुमच्या बाकावरच्या तुम्ही दोघी. तू ‘द्न्य’ म्हणतेस, ती ‘ग्य’.

आणि नावं काय एकाच प्रकारची असतात? तुमच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते तुकडोजी महाराज म्हणजे माणिक बंडोजी इंगळे. ‘इंगळे’खाली त्यांना कोण शोधणार? मुख्य नोंद ‘तुकडोजी महाराज’, इंगळेंकडून ‘पाहा’. ग्रेस तर आपल्या नागपूरचेच, माणिक गोडघाटे. (हेही माणिकच, बघ.) मराठी न वाचणाऱ्याने नुसतं ‘ग्रेस’ पाहिलं तर एखादी परदेशी बाई समजून मोकळा होईल. ड्यूईच्या वर्गीकरणात, म्हणजे विषयांना आकडे देण्याच्या पद्धतीत, त्यांच्या कविता 891.461वर जातात. मराठी साहित्य 891.46 आणि मराठी भाषा 491.46, फरक फक्त पहिल्या आकड्याचा. व्याकरणाचं पुस्तक कवितांत घुसलेलं मी स्वतः पाहिलंय.

नोकरीचं तू विचारलं नाहीस, पण पुढच्या पत्रात विचारशीलच. कॉलेजात ग्रंथपाल व्हायचं तर एम.लिब. करून नेट किंवा सेट दे. सार्वजनिक ग्रंथालयात जायचं असेल तर 1967चा महाराष्ट्राचा कायदा आणि ग्रंथालयांचे अ, ब, क, ड वर्ग नीट वाचून ठेव.

वही फाडू नकोस, फक्त उजवीकडे एक रकाना आख. उद्या त्या छिंदवाड्याच्या मुलीला ‘ज्ञानेश्वर’ इंग्रजीत लिहायला सांग आणि ती जे लिहील ते त्या रकान्यात उतरवून घे.