सांबराला कुठली गोळी?

तू निपाणीहून विचारलंस: डेअरीच्या कामावर न्यूझीलंडला येतोय, तिथं हरणाची शिकार चालते म्हणे, तर रायफलला गोळी कुठली घेऊ? मी खानापूरकडचा, इथं न्यूझीलंडात बरीच वर्षं काढली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडं १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद. भीमगडच्या रानात सांबर मारलंस तर थेट जेल. इथं तेच सांबर, लाल हरीण, फॅलो, सगळी बाहेरून आणून सोडलेली. त्यांना खाणारं जनावर नाही आणि रान फस्त करतात, म्हणून सरकारी जंगलात बऱ्याच ठिकाणी वर्षभर मुभा, परमिट फुकट. बंदुकीचं लायसन मात्र आधी काढ.

गावात आपण अख्ख्या काडतुसालाच गोळी म्हणतो. इथं बॉक्सवर पुढच्या टोकाचं वजन ग्रेनमध्ये असतं, ते बघायचं. १५० ग्रेन म्हणजे जेमतेम पावणेदहा ग्रॅम. .३०८ ची रायफल (हा आकडा म्हणजे गोळीची जाडी, इंचात) आणि १५० किंवा १६५ ग्रेनची सॉफ्ट पॉइंट घेतलीस की सगळं भागतं. तिच्या टोकाला शिसं उघडं असतं. अंगात शिरली की फुलते, पावसाळ्यात आपल्या रानात उगवणाऱ्या अळंबीगत. पूर्ण कवचाची स्वस्त गोळी फक्त सरावाला. ती फुलत नाही, सुईसारखी आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन पळतं.

उलटी चूक मी केली. पहिल्या हिवाळ्यात .२४३ मधून सशासाठीची हलकी गोळी फॅलोच्या खांद्यावर मारली. दुकानदार म्हणाला होता, चालतंय की! खांद्याच्या हाडावरच तिचा चुरा झाला. अंधार पडेपर्यंत झुडपांवरचे रक्ताचे थेंब बघत फिरलो. सापडलं तेव्हा जिवंत होतं रे. .२४३ च घेणार असशील तर १०० ग्रेनच्या खाली उतरू नकोस, आणि पुढच्या पायाच्या मागं, फुप्फुसावरच नेम धर.

घरात पोरं मटण खाणार असतील तर अख्ख्या तांब्याची गोळी बघ. महाग पडते, पण शिशाचे कण मांसात राहत नाहीत. तिला फुलायला वेग लागतो, तेव्हा फार लांबून मारू नकोस. गोळी बदललीस की रायफल परत झिरो कर, म्हणजे निशाण्यावर मारून बघून दुर्बीण नेमाला जुळव. एकाच वजनाच्या दोन कंपन्यांच्या गोळ्यासुद्धा एका जागी बसत नाहीत.

आणि सुट्टीला गावी येताना जॅकेटचे खिसे झाडून ये. एक काडतूस राहिलं तरी बेळगावच्या सांबऱ्याच्या विमानतळावर उत्तरं देत बसशील.