सोल्डरिंगची हत्यारं: संच नको, पाच नग निवडून घ्या

आयर्न (सोल्डर म्हणजे जोडणीचा मऊ धातू वितळवणारी तापती कांडी) आणि स्टँड घेऊन झालंय, आता हत्यारांचा मोठा तयार संच घ्यावा की एकेक निवडून, असा तुमचा प्रश्न आहे. माझं ऐकाल तर संच घेऊ नका. त्यातली बरीचशी हत्यारं डब्यातून बाहेरच निघत नाहीत आणि ज्यांच्यावर रोजचं काम चालतं तीच कच्च्या लोखंडाची असतात. कटर, चिमटा, स्ट्रिपर, नोज प्लायर (लांब निमुळत्या टोकाची पक्कड) आणि सकर (वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा हातपंप) एवढं पुरे. पैसे घालायचे ते पहिल्या दोनांवर.

कटर म्हणजे फ्लश कटर, ज्याची पाती एका बाजूने सपाट असतात. साध्या कटिंग पक्कडीच्या पात्यांना दोन्हीकडून उतार असतो, त्यामुळे सुट्या भागाचा तारेसारखा पाय तुटताना झटका बसतो आणि तो थेट जॉइंटला, म्हणजे सोल्डरच्या सांध्याला जातो. घेताना पाती मिटून उजेडासमोर धरा. फट दिसली तर तो कटर परत ठेवा. कापताना सपाट बाजू सर्किट बोर्डाकडे ठेवा आणि सोल्डरच्या उंचवट्याच्या जरा वर कापा, उंचवटाच छाटू नका. दुसऱ्या हाताच्या बोटाने पायाचं टोक धरा, नाहीतर तुकडा डोळ्याकडे उडतो, चष्मा घालाच. आणि या कटरने स्टीलची तार एकदाही कापू नका. पात्याला खाच पडली की ती पुन्हा भरून येत नाही.

चिमट्याची पारख टोकांवर होते. हळू दाबल्यावर टोकं नेमकी जुळली पाहिजेत; जोर वाढवल्यावर ती फाकली किंवा एकमेकांवरून सरकली तर चिमटा निकामी समजा. तो चुंबकाला चिकटणारा नको. एसएमडी (बिनपायाचा, बोर्डाच्या पृष्ठभागावरच बसणारा) रेझिस्टरच्या टोकांवर कथलाखाली निकेलचा थर असतो, त्यामुळे चुंबकत्व आलेल्या चिमट्याला तो चिकटून बसतो आणि पॅडवर, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या ठिपक्यावर सुटतच नाही. हे तासभर सोसलं की चिमटा बदलण्याचं महत्त्व पटतं.

स्ट्रिपरचं म्हणाल तर मी बरीच वर्षं ब्लेडनेच तारा सोलायचो. एकदा बॅटरीची सातपदरी तार सोलताना तीन पदर तुटले, मी तशीच सोल्डर केली. काही महिन्यांनी यंत्र मधूनच बंद पडू लागलं. बाहेरून सगळं ठीक दिसत होतं, पण आवरणाच्या आत उरलेले पदर वाकून वाकून तुटत चालले होते. तारेच्या जाडीप्रमाणे भोकं असलेला साधा स्ट्रिपर घ्या आणि योग्य भोकच वापरा.

नोज प्लायर कोणताही बरा चालेल, फक्त टोकं जुळायला हवीत. रेझिस्टरचा पाय वाकवताना अंगाला लागून वाकवू नका. अंगाजवळचा पायाचा भाग प्लायरने धरा आणि त्याच्या पलीकडे बोटाने वाकवा.

सकर भोकातल्या सोल्डरसाठी, सपाट पॅडसाठी तांब्याची विक, म्हणजे सोल्डर शोषणारी विणलेली पट्टी. जुना जॉइंट वितळत नसेल तर त्यावर आधी थोडं नवं सोल्डर घाला. उलटं वाटतं, पण नव्या सोल्डरमधल्या फ्लक्समुळे (धातूवरचा गंज साफ करणाऱ्या द्रव्यामुळे) उष्णता नीट पसरते आणि सगळं एकदम ओढलं जातं. विक घासू नका, वरून बिट (आयर्नचं तापतं टोक) टेकवा आणि दोन्ही एकत्रच उचला. पॅड उखडतात ते घासल्याने किंवा थंड झालेली विक ओढल्याने.

विचारलं नाहीत तरी बिटबद्दल सांगतो. सुईसारखी टोकदार बिट नवख्याला बरी वाटते, पण साध्या बोर्डावर 2 मिमीच्या आसपासची चपटी बिट उष्णता कितीतरी चांगली देते. तिला कानस किंवा पॉलिश पेपर लावू नका. वरचा लोखंडाचा मुलामा गेला की आतलं तांबं सोल्डरमध्ये विरघळत जातं. सोल्डर 63/37 (63 टक्के कथील, 37 टक्के शिसं), 0.8 मिमी जाडीचं घ्या. ते 183 अंश सेल्सिअसला वितळतं, नेहमीच्या शिसेविरहित सोल्डरला 217 च्या पुढे जावं लागतं. शिसं हाताळल्यावर हात धुवा.

हात बसवायला जुना रिमोट किंवा खेळण्यातला बोर्ड घ्या. मेन्सवर चालणारा पॉवर सप्लाय एवढ्यात उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यातला मोठा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) चार्ज धरून असतो.