इनडिझाइनमध्ये ओळी वर-खाली होतायत? आधी एवढं बघा

घाबरू नका, फाइल बिघडलेली नाही. इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये लीडिंग, म्हणजे ओळींमधलं अंतर, मुळात अक्षराला लागतं. ओळीतल्या सर्वांत मोठ्या लीडिंगवर अख्खी ओळ ठरते. वर्डमधून आलेली एखादी मोठ्या पॉइंटची स्पेससुद्धा ओळ खाली ढकलते. म्हणून पूर्ण परिच्छेद निवडून एकच लीडिंग द्या. ऑटो लीडिंग म्हणजे अक्षराच्या आकाराच्या १२०%. मराठीत वेलांट्या-उकार एकमेकांना भिडतात, त्यामुळे १२ पॉइंटच्या अक्षराला मी १७-१८ पॉइंट लीडिंग ठेवतो.

नेहमीच्या चुका:
- अंतरासाठी दोनदा एंटर. त्याऐवजी पॅराग्राफ स्टाइलमध्ये (परिच्छेदाची जतन केलेली मांडणी) 'स्पेस आफ्टर', म्हणजे परिच्छेदानंतरचं अंतर, द्या.
- नकळत चालू राहिलेलं 'अलाइन टु ग्रिड', म्हणजे ओळी पानावरच्या ठरावीक आडव्या रेषांना चिकटवणं. लीडिंग बदलूनही ओळी जागच्या हलत नसतील तर ते बंद करा.

कर्निंग (दोन अक्षरांमधलं अंतर), ग्रिडची आखणी वगैरे सध्या राहू द्या. आज फक्त स्टाइल नीट बनवा, जमेल.