सहाव्या पिढीच्या जुन्या मिनी पीसीवर विंडोज ११ टाकावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगली मार्केट यार्डातल्या वडिलांच्या अडत दुकानासाठी तुम्ही जुना लेनोवो थिंकसेंटर एम९०० टायनी घेतलाय. इंटेलचा सहाव्या पिढीचा आय५-६५००टी प्रोसेसर, ८ जीबी रॅम, वर विंडोज १०. विंडोज ११ टाकायला गेलात तर ‘हा पीसी गरजा पूर्ण करत नाही’ असं येतंय. मशीन विकणारा म्हणतो, ‘जुगाड करून टाकून देतो.’ टाकावं का, आणि पुढे काही लफडं होईल का?

टाका. चालतं, आणि हिशोबाच्या कामाला चांगलं चालतं. यार्डात आणि गणपती पेठेत मी अशी मशीन बसवून दिलीत. लफडं टाकताना होत नाही, वर्षा-दोन वर्षांनी होतं, आणि तेव्हा जुगाड करून देणारा फोन उचलत नाही. म्हणून टाकायच्या आधी पुढची देखभाल कोण करणार ते ठरवा. तुम्ही स्वतः करणार असाल तर पुढचं वाचा.

त्या एका संदेशामागे दोन वेगळ्या तक्रारी असतात. एक टीपीएम २.० ची (टीपीएम म्हणजे मशीनच्या गुप्त किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा चिप), दुसरी प्रोसेसरची. टीपीएमची तक्रार बऱ्याचदा नुसती वरवरची असते. इंटेलच्या या पिढीत फर्मवेअरमध्येच टीपीएम येतो, त्याला पीटीटी म्हणतात. पण ऑफिसातून निघालेल्या मशीनमध्ये तो बंद ठेवलेला असतो, नाहीतर त्याच्या जागी १.२ ची जुनी चिप निवडलेली असते. मशीन चालू करताना एफ१ दाबत राहा (डेल असेल तर एफ२, एचपी असेल तर एफ१०), बायोस म्हणजे विंडोजच्या आधीची सेटिंगची स्क्रीन उघडेल, तिथे सिक्युरिटीच्या पानावर जा आणि पीटीटी किंवा ‘सिक्युरिटी चिप’ असं काही दिसतंय का बघा. चालू करून सेव्ह करा. विंडोजमध्ये परत आलात की रनमध्ये टीपीएम डॉट एमएससी उघडा, तिथे स्पेसिफिकेशन व्हर्जन २.० दिसायला हवं. हे करायच्या आधी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का तेवढं तपासा. असेल तर तात्पुरतं थांबवा आणि ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. नाहीतर टीपीएम बदलला की मशीन ती की मागत बसतं आणि आतला डेटा आतच राहतो.

त्याच बायोसमध्ये मशीन बूट करायची पद्धत लेगसी (जुनी) की यूईएफआय (नवी, विंडोज ११ ला लागणारी) ते दिसेल. लेगसी असेल तर उत्साहाच्या भरात तिथल्या तिथे बदलू नका. डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर दुसऱ्या मिनिटाला विंडोज बूट होणं बंद होतं. आधी विंडोजमधूनच मायक्रोसॉफ्टचं एमबीआर-टू-जीपीटी हे टूल चालवून डिस्कची मांडणी नव्या जीपीटी पद्धतीची करून घ्यायची, मग बायोसमध्ये यूईएफआय करायचं. ते टूल डेटा पुसत नाही, पण बॅकअप न घेता मी तरी चालवत नाही. बायोसची शेवटची आवृत्तीही याच वेळी टाकून घ्या, तीसुद्धा यूपीएसवर. यार्डातल्या लाईटचा भरवसा धरून बायोस अपडेट करायचं नसतं.

आता प्रोसेसर. मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलची आठवी पिढी आणि त्यापुढची आहे, एएमडीचे रायझन २००० पासूनचे आहेत, सातव्या पिढीतले अगदी मोजके आहेत. तुमचा सहाव्या पिढीचा, २०१५ च्या सुमाराचा. इथे बायोसमध्ये काही करता येत नाही, यादीत नाही म्हणजे नाही. वेगाचा हा प्रश्नच नाही. कागदावरची अट १ गिगाहर्ट्झ, दोन कोअर, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा एवढीच आहे, तुमच्याकडे चार कोअर आहेत.

यादीमागे सुरक्षेचं एक खरं कारण आहे. विंडोज ११ मध्ये ‘मेमरी इंटिग्रिटी’ नावाची एक सोय आहे, ती चोरट्या ड्रायव्हरला विंडोजच्या गाभ्यात शिरू देत नाही. तिला लागणारा हार्डवेअरचा आधार इंटेलमध्ये सातव्या पिढीपासून आला. सहाव्या पिढीत तेच काम सॉफ्टवेअरने ओढावं लागतं, त्यामुळे मशीन जड होतं. विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘कोअर आयसोलेशन’खाली तिचं बटण आहे. त्याच मशीनवरून बँकेचे व्यवहार होत असतील तर ती चालू ठेवून आठवडाभर काम करून बघा, टॅली खरंच अडखळायला लागली तरच बंद करा. सातव्या पिढीत तो आधार असूनही ती पिढी बहुतेक सगळी यादीबाहेर ठेवली, त्यामुळे माझं मत असं की या नियमात निम्मं तंत्र आहे आणि निम्मा धंदा. एक मर्यादा मात्र कुठल्याच जुगाडाने ओलांडता येत नाही. विंडोज ११ च्या २४एच२ (२०२४ च्या उत्तरार्धातल्या) आवृत्तीपासून प्रोसेसरला एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट या सूचना समजाव्याच लागतात, त्यामुळे माळ्यावरचा कोअर टू ड्युओ खाली काढू नका. तुमच्या मशीनला हा अडथळा नाही.

टाकण्याची पद्धत: मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज ११ ची आयएसओ (इन्स्टॉल करायची पूर्ण फाइल) उतरवा आणि रुफस या फुकट टूलने पेनड्राइव्ह बनवा. बनवताना टीपीएम, सिक्युअर बूट आणि रॅमची अट काढायची का असं ते विचारतं, तिथे टिक करा. रुफस नवीच घ्या, जुनी आवृत्ती २४एच२ च्या अपग्रेडला अडते. सध्याचं विंडोज १० अधिकृतरीत्या अॅक्टिव्हेट असेल तर नवीन की विकत घ्यायची गरज नाही, होमवर होम आणि प्रोवर प्रो टाकलं की तेच लायसन्स लागू होतं. चार-पाचशे रुपयांत ‘लाइफटाइम की’ विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. आणि मशीन विकणाऱ्याने इंटरनेटवरून उचललेली ‘हलकी केलेली’ विंडोज टाकून दिली असेल, तर ती पुसून मायक्रोसॉफ्टचीच टाका. ज्या मशीनवर जीएसटीचा पासवर्ड टाइप होणार, तिथे कोणी काय कापलंय आणि काय घुसवलंय माहीत नसलेली विंडोज नको.

आता मी वर म्हटलेलं वर्षा-दोन वर्षांनंतरचं लफडं. दर महिन्याचे सुरक्षा अपडेट अशा मशीनवर आजवर येत आलेत, मात्र मायक्रोसॉफ्ट त्याची हमी देत नाही. वर्षाची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही. होम आणि प्रोच्या प्रत्येक आवृत्तीला २४ महिने आधार मिळतो. २३एच२ चा ११ नोव्हेंबर २०२५ ला संपला, २४एच२ चा १३ ऑक्टोबर २०२६ ला संपतो. कोणी तुम्हाला २३एच२ टाकून दिली असती, तर स्क्रीनवर सगळं ठीकठाक दिसत राहिलं असतं आणि मशीन मुकाट्याने उघडं पडलं असतं. म्हणून आज टाकायचीच तर २५एच२ टाका, आणि पुढची मोठी आवृत्ती हाताने, याच पद्धतीने टाकायची तयारी ठेवा. नव्या हळदीचे सौदे चालू असताना आणि मार्चअखेर मशीनला हातसुद्धा लावायचा नाही. दिवाणजी पट्ट्या (शेतकऱ्याला द्यायची विक्रीची बिलं) काढतायत आणि शेतकरी काउंटरला उभे आहेत, अशा वेळी टक्केवारी मोजणारी निळी स्क्रीन बघायला लागली तर घरी जेवण मिळणार नाही.

आत्ता हंगाम चालू असेल आणि एवढं करायला उसंत नसेल, तर विंडोज १० वरच थोडे दिवस काढता येतात. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण घरगुती वापराच्या मशीनसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेटची योजना ठेवली आहे. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं, नोंदणी विंडोज अपडेटच्या पानावरूनच होते.

दुकानाचं म्हणून जे काही आहे ते अपग्रेडच्या आधीच तपासा. टॅली अडचण करत नाही. अडतं ते डिजिटल सहीचं यूएसबीला लावायचं टोकन, त्याचा ड्रायव्हर आणि जीएसटी पोर्टलवर सही करायचं एमसाइनर. टोकनच्या कंपनीकडून ड्रायव्हर नवा उतरवून ठेवा, आणि अपग्रेड झाल्यावर सही होते की नाही ते त्याच दिवशी करून बघा, रिटर्नच्या शेवटच्या तारखेला नाही. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर असेल तर त्याच्या कागदाचा आकार टॅलीत आणि विंडोजमध्ये पुन्हा बसवावा लागेल, नाहीतर पट्टीची खालची ओळ पुढच्या पानावर जाते. टॅलीचा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि ती डिस्क दुकानात ठेवू नका. २०१९ चा पूर ज्यांनी पाहिलाय त्यांना कारण सांगायला नको.

लिनक्सबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी कोणीतरी सुचवेलच. घरी नुसतं ब्राउझर, यूट्यूब आणि पोरांचा अभ्यास असेल तर या मशीनवर लिनक्स मिंट मस्त पळतं. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, आणि टीपीएमची कटकटच नाही. पण टॅली आणि सहीचं टोकन असलेल्या दुकानात मी मिंट बसवत नाही. वाइनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) टॅली उघडतेसुद्धा, पण बंद पडली की टॅलीवाला हात वर करतो आणि लिनक्सवालाही.

मशीन परत देण्याची मुदत अजून असेल तर माझा सल्ला सरळ आहे: वर थोडे पैसे घाला आणि आठव्या पिढीचं घ्या. लेनोवोचा एम७२०क्यू, डेलचा ऑप्टिप्लेक्स ७०६० मायक्रो, एचपीचा एलिटडेस्क ८०० जी४ मिनी, यातलं काहीही. आय५-८५००टी मध्ये सहा कोअर मिळतात, विंडोज ११ अधिकृतपणे चालतं, आणि वर लिहिलेला निम्मा उपद्व्याप वाचतो. आत्ताच्या मशीनमध्ये घातलेली डीडीआर४ रॅम आणि एसएसडी नव्यात जाते, तो खर्च बुडत नाही. घेताना दुकानातच दोन गोष्टी करून बघा. बायोस उघडा, पासवर्ड मागितला तर मशीन तिथेच ठेवून या. दुसरं, इंटरनेट जोडून विंडोज कोरी टाकून बघा. सुरुवातीलाच एखाद्या कंपनीचं नाव घेऊन ऑफिसचा ईमेल मागत असेल, तर ते त्या कंपनीच्या यादीतून अजून सुटलेलं नाही. पुन्हा कितीही वेळा विंडोज टाकलीत तरी तो पडदा परत येतो.

अॅडॅप्टरही बघा. डेल आणि एचपीची ही छोटी मशीन अॅडॅप्टर ओळखतात, ओळखता आला नाही तर प्रोसेसरचा वेग दाबून ठेवू शकतात. मग लोक विंडोज ११ ला शिव्या घालतात. टास्क मॅनेजरमध्ये वेग १ गिगाहर्ट्झच्या खालीच अडकलेला दिसला तर आधी तिथे संशय घ्या.

आणि तुमच्या बाबतीत हळद. यार्डातलं मशीन उघडलं की पंख्याच्या मागच्या जाळीवर पिवळ्या भुकटीचा थर बसलेला असतो, ओलसर हवेत त्याचा लगदा होतो. पंखा जोरात फिरत राहतो, तरी वारा आरपार जात नाही. टायनीचं झाकण मागच्या एकाच स्क्रूवर सरकून निघतं. हंगाम संपला की उघडून पंखा बोटाने धरून ब्लोअर मारा. न धरता मारलात तर पंखा भन्नाट वेगाने फिरून बेअरिंग जातं. खोकं टेबलाखाली पोत्यांजवळ ठेवू नका, मॉनिटरच्या पाठीवर बसवायची पट्टी मिळते, त्यावर लावा.