धर्माच्या कारणावरून आरोग्य-सक्तीतून सूट : मसुद्यात काय बघायचं

तुमचा प्रश्न असा : ‘अमेरिकेत आरोग्य विमा सक्तीचा केला तेव्हा काही धर्मपंथांना सूट दिली. मग उद्या कुणीही उठून “माझ्या धर्मात बसत नाही” म्हणाला तर सरकारने काय करायचं? आणि लशीला हाच न्याय का लावत नाहीत?’

विम्यापासून सुरुवात करतो, कारण या सुटीची घडण तिथे सगळ्यात स्वच्छ दिसते. 1961 मध्ये पेनसिल्व्हेनियात व्हॅलेंटाइन बायलर नावाचा आमिश (साधेपणाने, वेगळं राहणारा एक ख्रिस्ती पंथ) शेतकरी सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे म्हातारपणीच्या पेन्शनसाठीच्या सरकारी विम्याचा, कर भरायला तयार नव्हता. म्हाताऱ्यांना आणि अडल्यानडल्यांना सांभाळणं हे आपल्या मंडळीचं काम, सरकारी विमा घेणं म्हणजे देवावरचा भरवसा सोडणं, अशी त्याची श्रद्धा. वसंतात तो शेत नांगरत असताना कर खात्याची माणसं आली, त्याचे तीन घोडे घेऊन गेली आणि लिलावात विकून थकबाकी वसूल केली. देशभर संताप उसळला. 1965 मध्ये मेडिकेअरचा, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, कायदा झाला, त्यातच काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) अशा पंथांसाठी सूट घातली.

त्या सुटीच्या अटी सावकाश वाचण्यासारख्या आहेत. पंथ 31 डिसेंबर 1950 पासून अखंड अस्तित्वात हवा. परावलंबी सभासदांची सोय तो स्वतः करत असला पाहिजे. अर्जदाराचा विरोध सरकारी आणि खासगी, दोन्ही प्रकारच्या विम्याला हवा. शिवाय त्याला लिहून द्यावं लागतं की सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरच्या लाभांवरचा हक्क मी सोडतो. आजही 4029 क्रमांकाच्या अर्जावर हेच लिहून घेतात. माझ्या मते सगळी मेख या शेवटच्या अटीत आहे. कर वाचवायला आलेला माणूस म्हातारपणीची पेन्शन सोडायला तयार होत नाही. कुणाच्या अंतःकरणात न डोकावता खरा श्रद्धावान वेगळा काढता येतो.

नंतर एका आमिश सुताराने, एडविन लीने, आपल्या कामगारांपोटी भरायच्या करातूनही सूट मागितली. सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये ती नाकारली : मालकाला सूट दिली की त्याची श्रद्धा नोकरांवर लादली जाते. पुढे 1988 मध्ये काँग्रेसने मालक आणि कामगार दोघेही त्याच श्रद्धेचे असतील तरच सूट वाढवली, हे मला योग्य वाटतं.

2010 च्या आरोग्य कायद्याने विम्याच्या सक्तीतून सूट देताना हीच जुनी व्याख्या उचलली, सोबत एकमेकांची वैद्यकीय बिलं वाटून घेणाऱ्या धार्मिक मंडळांनाही घेतलं. पण जे आमिश नाहीत, आणि प्रार्थनेने बरं होण्यावर ज्यांचा विश्वास आहे, ते बाहेरच राहिले. त्यांनाच तुमच्या प्रश्नाची खरी झळ बसते. 2014 मध्ये प्रतिनिधीगृहाने (काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाने) मंजूर केलेल्या विधेयकात पंथाची अटच नव्हती. प्रामाणिक श्रद्धा आहे असं शपथेवर सांगितलं आणि वर्षभरात वैद्यकीय उपचार घेतले नाहीत, की सूट. ते पुढे सरकलं नाही. 2018 मध्ये जे कायद्यात आलं ते अरुंद आहे : पंथाचा सभासद हवा आणि बरं होण्यासाठी तो केवळ धार्मिक उपायांवरच अवलंबून हवा. त्यात एक वाक्य मात्र फार विचाराने घातलंय. मुलांना दिलेले आवश्यक उपचार, लसीकरण, सुईणीची मदत हे ‘वैद्यकीय सेवा’ म्हणून मोजायचंच नाही. म्हणजे बापाने मुलाला दवाखान्यात नेलं म्हणून बापाची सूट जात नाही. हे वाक्य नसतं तर कायद्यानेच आईबापांना दवाखान्याच्या दारातून मागे ओढलं असतं. (विमा नसल्याचा केंद्रीय दंड 2019 पासून शून्यावर आला, तेव्हा ही सूट आज प्रत्यक्षात फार थोड्यांच्या उपयोगाची आहे. मसुदा म्हणून तरीही अभ्यासावी.)

आता ‘कुणीही उठून’ या मुद्द्याकडे. श्रद्धा खरी की खोटी हे न्यायालय ठरवत नाही, माणूस ती प्रामाणिकपणे बाळगतो का एवढंच बघतं. 1944 च्या बॅलार्ड खटल्यापासून ही भूमिका आहे. उलट ‘मान्यताप्राप्त’ पंथाची अट घातली तर पंथापंथांत भेदभाव होतो. न्यूयॉर्कमध्ये शाळेत जायला सक्तीच्या असलेल्या लशींतून मिळणाऱ्या सुटीतली अशी अट 1987 मध्ये केंद्रीय न्यायालयाने याच कारणाने मोडीत काढली. त्यामुळे आमदार कात्रीत सापडतात : पंथाची व्याख्या केली तर अन्याय, नुसती प्रामाणिक श्रद्धा म्हटलं तर दार सताड उघडं. यातून वाट 1965 च्या धर्तीवरच निघते, म्हणजे सूट घेणाऱ्याने स्वतःचं काहीतरी सोडायचं.

लशीला हा न्याय लावायला जातो तिथे गाडी अडते, कारण तिथे सोडायला स्वतःचं काही नसतंच. किंमत मोजतं ते मूल, किंवा शेजारच्या बाकावरचं दुसरं मूल, ज्याला आजारपणामुळे लस देता येत नाही. पालक स्वतः हुतात्मा होऊ शकतात, मुलांना हुतात्मा करू शकत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1944 मध्येच प्रिन्स खटल्यात सांगितलं. म्हणून विम्याच्या सुटीच्या बाजूने उभा राहणारा मी शाळेतल्या लशीच्या धार्मिक सुटीच्या विरोधात आहे, आणि यात मला विसंगती दिसत नाही.

सूट काढून कशी घ्यायची हा वेगळा प्रश्न. न्यूयॉर्कने 2019 मध्ये गोवराच्या साथीत ती तडकाफडकी रद्द केली. कनेटिकटने 2021 मध्ये रद्द केली, पण बालवाडीपासून बारावीपर्यंत ज्या मुलांनी आधीच सूट घेतली होती त्यांची चालू ठेवली. साथ भडकलेली नसेल तर मी कनेटिकटच्या बाजूने मत देईन. सूट घेणाऱ्यांची संख्या दरवर्षी आपोआप घटत जाते, आणि सातवीतल्या मुलीला आईबापांच्या निर्णयापायी वर्गमैत्रिणी सोडून घरी बसावं लागत नाही.