आधी घड्याळावर चालून बघ

टोपॉलॉजिकल ग्रुपवरच्या (जिथे बेरजेसारखी क्रिया आणि जवळ-दूरची कल्पना दोन्ही असतात) यादृच्छिक चाली शिकायच्यात ना? मग एकदम सर्वसाधारण ग्रुपला हात घालू नकोस. आधी १२ आकड्यांचं घड्याळ घे. १२ वरून सुरुवात, दर वेळी निम्म्या शक्यतेने एक घर पुढे किंवा मागे. वाटतं, हळूहळू सगळी घरं समान होतील. होत नाहीत! सम पावलांनंतर तू सम आकड्यावरच असतोस, विषम पावलांनंतर विषमवर. आता जागीच थांबण्याची मुभा दे, तिन्ही शक्यता १/३. मग प्रत्येक घराचं वजन खरोखर १/१२ कडे जातं.

हे फूरिये रूपांतर वापरून (शक्यतांची वाटणी लाटांमध्ये तोडून) तू स्वतः, हाताने कर. पहिल्या चालीत सहाव्या कॅरॅक्टरवर, म्हणजे घरागणिक +१, -१ अशी पालटणाऱ्या लाटेवर, -१ येतो. त्याचे घात कधी विरत नाहीत. दुसरीत तिथे -१/३ येतो. सगळं मर्म इथेच आहे. कवाडा आणि इतो या गणितज्ञांचा १९४० चा निकाल कॉम्पॅक्ट ग्रुपसाठी (घड्याळासारखा, जिथे निसटायला अनंत नाही) हेच सांगतो: एका पावलाचं संभाव्यता-माप (शक्यतांची वाटणी) पूर्ण ग्रुपहून लहान बंद उपगटात किंवा तशा नॉर्मल उपगटाच्या (ज्याची डावी-उजवी सरकवलेली प्रत एकच असते) कोसेटमध्ये, म्हणजे सरकवलेल्या प्रतीत, अडकलेलं नसेल, तर कन्व्होल्यूशनचे घात (अनेक पावलांनंतरची वाटणी) हार मापाकडे, म्हणजे सगळीकडे समान वाटणीकडे, जातात.

कॉम्पॅक्टपणा सोडलास की खेळ बदलतो. पूर्णांकांवर तीच चाल चालव: प्रत्येक बिंदूचं वजन शून्याकडे जातं, वस्तुमान अनंताकडे निसटतं. वास्तव संख्यांवर आपण √न ने (न म्हणजे पावलांची संख्या) भागून सावरतो, पण सर्वसाधारण ग्रुपमध्ये भागणार कशाने? मला या विषयातला सर्वांत सुंदर प्रश्न हाच वाटतो. त्याच्याकडे जाताना टाइटनेसची (वस्तुमान अनंताकडे निसटत नाही, जवळपास सगळं एका कॉम्पॅक्ट संचात राहतं, या गुणाची) व्याख्या मात्र पक्की करून घे.