मुलाला पाळक व्हायचंय? आधी वर्षभर चर्चच्या ऑफिसात बसू द्या

नगरहून एका ताईंचं पत्र आलंय. मुलगा बावीस वर्षांचा, बी.कॉम. झालाय, तरुण संघाचा सेक्रेटरी आहे, गातो चांगला, आणि आता म्हणतो बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, म्हणजे धर्मशास्त्राची पदवी) करून पाळक होणार, लोकांची सेवा करणार. वडील म्हणतात गपचूप बँकेच्या परीक्षा दे. ताई लिहितात, "आमच्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) पाळकसाहेबांचं आणि कमिटीचं पटत नाही, ऑफिसातली माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, हे सगळं बघून वाटतं माझं पोरगं यात टिकेल का, आणि याला करिअर तरी म्हणायचं का?"

ताई, करिअर नक्कीच आहे. पगार बेताचा, राहायला घर मिळतं, काही वर्षांनी बदली. बी.डी. ग्रॅज्युएशननंतर करता येतं, डिग्री बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सिनेटची असते, पण त्यासाठी बंगालला जायची गरज नाही, पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे (आधी यवतमाळला होती, 1983 मध्ये पुण्यात आली). मंडळीचं शिफारसपत्र लागतं, इंग्रजी बरं लागतं. ही माहिती तुमच्या मुलाने आधीच काढली असणार, त्यामुळे यावर जास्त वेळ घालवत नाही.

तुमचा खरा प्रश्न टिकण्याचा आहे. त्यावर माझाच एक अनुभव सांगते. मी काही वर्षं आमच्या चर्चची खजिनदार होते. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही शेजारच्या वस्तीत रेशनचे किट वाटले, तांदूळ, तूरडाळ, तेलाची पिशवी, साबण, सगळ्यांनी फोटो काढले, मलाही फार बरं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी घंटा वाजवणाऱ्या आमच्या काकांची बायको त्याच रांगेत उभी दिसली, हातात घरची पिशवी. काकांचा दोन महिन्यांचा पगार राहिला होता, कारण उपासना बंद म्हणून दान बंद, आणि कमिटीतल्या कोणाच्याच डोक्यात आलं नाही की काकांचं घर त्याच दानावर चालतं. चेकवर सही माझी असायची म्हणजे चूक पहिली माझी. त्या माऊलीने मला बघून पिशवी पाठीमागे घेतली ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

म्हणून माझं मत असं झालंय की चर्च बाहेर काय सेवा करतं ते नंतर बघू, आधी आत काम करणाऱ्यांना पगार तारखेला मिळतो का ते बघायचं. आपल्याकडे स्टाफ असतो तरी केवढा, ऑफिसातला क्लार्क, झाडलोट करून घंटा वाजवणारे काका, ऑर्गनवाला, बालवाडीच्या बाई, कुठे घरोघरी बायबल शिकवणाऱ्या बायबलबाई. पण कोणाचं काम कागदावर नसतं आणि साहेब मात्र सगळेच! बालवाडीच्या बाईंना सकाळी सेक्रेटरी एक सांगणार, दुपारी पाळकसाहेब दुसरं, संध्याकाळी महिला मंडळाच्या अध्यक्षा तिसरंच, मग भांडणं होणार नाहीत तर काय. तुमच्या मंडळीत लोक बोलत नाहीत म्हणता ना, मला तरी वाटतं त्यात स्वभावाचा भाग थोडा आणि हा गोंधळ जास्त असेल.

पाळकाला स्वतःलाही सुट्टी पाहिजे. रविवार त्याचा कामाचा दिवस, मग सोमवार मोकळा पाहिजे, पण नेमकं सोमवारीच कोणीतरी दार वाजवतं आणि नाही म्हणायला हा शिकलेला नसतो. आणि पाळकीणबाई, म्हणजे पाळकाची बायको! संडे स्कूल त्यांनी घ्यायचं, आजाऱ्यांना भेटायचं, आलेल्या प्रत्येकाला चहा करायचा, पगार शून्य. तुमच्या होणाऱ्या सुनेचा विचार आत्तापासून करा, मी चेष्टा करत नाहीये.

मुलगा बी.कॉम. आहे हे इथे फार कामाचं आहे. चर्चच्या ट्रस्टचे हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातात, विश्वस्त बदलले की 90 दिवसांत तिथे चेंज रिपोर्ट (बदलाची नोंद) टाकावा लागतो, दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमावी लागते. खूप भांडणं धर्मशास्त्रावरून होतच नाहीत, पावतीपुस्तकावरून होतात.

आता लोकांची सेवा. तुमच्याच जिल्ह्यात जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर जोडप्याने 1970 मध्ये काम सुरू केलं, तिथे गावकऱ्यांना आधी काय पाहिजे होतं तर पाणी आणि अन्न, दवाखाना नंतर. मग त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं, त्यातल्या कित्येकजणी शाळेत गेलेल्या नव्हत्या. मुलाला एक दिवस तिकडे जाऊन बघू दे. आणि एक गंमत, मुंबईची टिस (समाजकार्य शिकवणारी टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) 1936 मध्ये सुरू झाली तेव्हा तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट होते, अमेरिकन मराठी मिशनचे, त्याआधी नागपाड्याच्या वस्तीत नेबरहूड हाऊस चालवणारे. म्हणजे समाजकार्याचं शिक्षण आणि मिशन यांचं नातं आपल्याकडे जुनंच आहे. एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्याची मास्टर्स पदवी) तर नगरमध्येच सीएसआरडी या समाजकार्याच्या कॉलेजात होतं, दोन वर्षं, घरचं जेवण. ते करून मग बी.डी.ला गेला तर मला जास्त आवडेल, आणि पाळक नाही झाला तरी वडिलांना दाखवायला हातात पदवी आहे.

पण त्याआधी एक वर्ष. कमिटीला विचारून त्याला आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात बसू द्या, मानधन थोडं का होईना पण ठरवून घ्या, फुकट नको. रजिस्टर लिहू दे, बाप्तिस्म्याचे दाखले काढू दे, काकांबरोबर सकाळी झाडू मारू दे, कमिटीच्या मीटिंगला नुसतं मागे बसून ऐकू दे. बँकेचा फॉर्मही भरू दे, त्याने देव रागावत नाही.

दिवाळीच्या सुमाराला पुन्हा लिहा, आणि तेव्हा पत्र त्याला लिहायला सांगा.